माणूस समोर आणा!

मागच्या आठवड्यात नववीच्या वर्गावर नागरिकशास्त्राचा तास घेत होते. शेवटचा तास, मुलं पेंगुळलेली. फळ्यावर लिहिलं, ‘हेबियस कॉर्पस’. त्याचा मराठी प्रतिशब्द ‘बंदी प्रत्यक्षीकरण’ तर त्याहून जड! एकाच्याही चेहऱ्यावरची रेषा हलेना. शेवटी पुस्तक मिटलं आणि म्हटलं, “समजा, रात्री दोन वाजता दारावर थाप पडली आणि तुमच्या बाबांना सरकारी माणसं घेऊन गेली. कुठे नेलं, का नेलं, काही सांगत नाहीत. तर तुमची आई हायकोर्टात जाऊ शकते. कोर्ट सरकारला बजावतं, त्या माणसाला आमच्यासमोर उभं करा आणि कुठल्या कायद्यानं धरलंत ते दाखवा. एवढाच त्याचा अर्थ.”

वर्ग जागा झाला. मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, “बाई, आणि कोर्टच नाही म्हणालं तर?”

काय सांगायचं तिला? कारण तसं एकदा झालेलं आहे. आपल्याच देशात, १९७६ साली.

आणीबाणीबद्दल तुम्ही ऐकलं असेलच. १२ जून १९७५ला अलाहाबाद हायकोर्टानं इंदिरा गांधींची रायबरेलीची निवडणूक रद्द ठरवली आणि २५ जूनच्या रात्री देशात आणीबाणी पुकारली गेली. त्याच रात्री धरपकड सुरू झाली. सकाळी रेडिओवर पंतप्रधानांनी सांगितलं की घाबरण्यासारखं काही नाही. आता घाबरण्यासारखं काही नव्हतं, तर मग वर्तमानपत्रांवर सेन्सॉर कशाला बसवला, असं आपण आज सहज विचारतो. तेव्हा विचारायची सोय नव्हती. माझ्या सासूबाई त्या वेळी अठरा वर्षांच्या होत्या. त्या म्हणतात, “आम्हाला एवढंच कळत होतं की गाड्या वेळेवर येतात. आणखी काही घडतंय हे छापून आलं तर कळणार ना!” खोटं बोलायला दर वेळी खोटंच सांगावं लागतं असं नाही, बरं का. अर्धं सांगितलं आणि उरलेलं सांगणाऱ्याचं तोंड बंद केलं, की भागतं.

एकवीस महिन्यांत लाखाहून अधिक माणसं तुरुंगात गेली. त्यातली हजारो ‘मिसा’ या कायद्याखाली. या कायद्यात अशी दुरुस्ती केली होती की धरलेल्या माणसाला का धरलं ते सांगायचंच नाही. तुम्हीच कल्पना करा, घरचा कर्ता माणूस नेलेला, पगार बंद, मुलं विचारताहेत, आणि चौकशीला गेलं तर उत्तर एकच, सांगता येत नाही!

प्रमिला दंडवते येरवड्याच्या तुरुंगात होत्या आणि त्यांचे पती मधू दंडवते बंगलोरच्या. नवराबायकोचा संसार पत्रांतून चालला होता. त्याच बंगलोरच्या तुरुंगात स्नेहलता रेड्डी होत्या. ‘संस्कार’ या कानडी चित्रपटातली ही अभिनेत्री. दम्याचा जबर विकार. रात्रीच्या शांततेत त्यांच्या किंकाळ्या आपल्याला ऐकू येत, असं मधू दंडवत्यांनी पुढे लिहून ठेवलं. जानेवारी १९७७मध्ये त्यांना सोडलं आणि थोड्याच दिवसांत त्या गेल्या. ज्या कटाच्या संशयावरून त्यांना धरलं होतं, त्याच्या आरोपपत्रात त्यांचं नावही नव्हतं.

अशा काळात देशभरातून बायका, भाऊ, मित्र हायकोर्टांत गेले. आणि नऊ हायकोर्टांनी त्यांचं म्हणणं ऐकून घेतलं! आपल्या मुंबई हायकोर्टाचं नागपूर खंडपीठही त्यांत होतं. आणीबाणी असली तरी सरकारनं धरलं ते कायद्याप्रमाणे की नाही एवढं आम्ही पाहणारच, असं या कोर्टांचं म्हणणं. सरकार सुप्रीम कोर्टात गेलं. जबलपूरच्या शिवकांत शुक्लांच्या नावानं हा खटला ओळखला जातो.

पाच न्यायमूर्ती बसले होते. त्यांतल्या हंसराज खन्नांनी सरकारी वकिलांना विचारलं, समजा एखाद्या पोलीस अधिकाऱ्यानं वैयक्तिक वैरातून माणसाला मारून टाकलं, तर काही दाद मागता येईल का? वकील म्हणाले, आणीबाणी आहे तोवर नाही.

२८ एप्रिल १९७६ला निकाल लागला. चार विरुद्ध एक. चौघे म्हणाले, आणीबाणीत कोर्टाला असं विचारता येणार नाही. त्यांतल्या न्यायमूर्ती बेग यांनी तर लिहिलं की सरकार कैद्यांची जवळजवळ आईच्या मायेनं काळजी घेत आहे. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक बाजूला ठेवून ओट्यापाशी जाऊन उभी राहिले. स्नेहलता रेड्डींना त्या निकालानंतर चारच दिवसांनी, मे महिन्यात पकडलं.

एकटे खन्ना वेगळे. कायद्याशिवाय कुणाचाही जीव की स्वातंत्र्य घ्यायचं नाही, राज्यघटना असो वा नसो, हे त्यांचं म्हणणं. निकालाआधी ते हरिद्वारला होते. माझ्या या निकालपत्राची किंमत सरन्यायाधीशपद असेल, असं त्यांनी आपल्या बहिणीला सांगितलं होतं. तसंच झालं. जानेवारी १९७७मध्ये त्यांची सेवाज्येष्ठता डावलून बेग यांना सरन्यायाधीश केलं. खन्नांनी राजीनामा दिला.

पण लोकांनीही मार्चमध्ये निकाल दिलाच. आपल्या गोरेगावच्या मृणालताई गोरे, पाण्यासाठी हंडा मोर्चे काढणाऱ्या, तुरुंगातून सुटून लोकसभेवर निवडून आल्या आणि इंदिरा गांधी रायबरेलीतच पडल्या. ‘पानीवाली बाई दिल्ली में, दिल्लीवाली बाई पानी में’ ही घोषणा सासूबाईंना अजून पाठ आहे!

पुढे १९७८ साली चव्वेचाळिसावी घटनादुरुस्ती झाली. जगण्याचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क, म्हणजे एकविसावं कलम, आता आणीबाणीतही गोठवता येत नाही.

तुम्ही म्हणाल, हे आम्हाला कशाला? अहो, दारावर थाप कुणाच्याही पडू शकते. म्हणून एवढं ध्यानात असू द्या. अटक केली तर कारण सांगावं लागतं आणि घरच्यांना कळवावं लागतं. प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत मॅजिस्ट्रेटसमोर उभं करावं लागतं. स्त्रीला सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी अटक करता येत नाही. अपवादात्मक प्रसंगी करायचीच झाली तर ती स्त्री पोलीस अधिकाऱ्यानं, मॅजिस्ट्रेटची आधी परवानगी घेऊनच. आणि हेबियस कॉर्पसचा अर्ज धरलेल्या माणसाच्या वतीनं बायको, आई, अगदी शेजारीणही करू शकते. स्थानबद्धतेचे कायदे आजही आहेत आणि त्यांना चोवीस तासांची अट लागत नाही, हेही सांगायला हवं. पण तिथेसुद्धा हायकोर्टाचं दार उघडं असतं.

आता त्या चौघांबद्दल. न्यायमूर्ती भगवतींनी २०११ साली आपली चूक झाली असं कबूल केलं. दुसरे होते यशवंत विष्णू चंद्रचूड, आपले पुण्याचे. २०१७ साली सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणाच्या हक्काचा खटला चालवला, त्यात १९७६चा निकाल रद्दबातल ठरला. तो चुकीचा होता हे लिहिणारे न्यायमूर्ती होते धनंजय चंद्रचूड, यशवंतरावांचे चिरंजीव. वडिलांच्या लिखाणावर असं लिहिताना हात किती जड झाला असेल!

हेच धनंजय चंद्रचूड नोव्हेंबर २०२४मध्ये सरन्यायाधीशपदावरून निवृत्त झाले. त्यांच्या जागी आले संजीव खन्ना, हंसराज खन्नांचे पुतणे. सासूबाईंना हे वाचून दाखवलं तर म्हणाल्या, “बघ, काकाची खुर्ची पुतण्याला मिळाली.”

वर्गात मात्र एवढं सांगेपर्यंत घंटा झाली. त्या मुलीला अर्धंच उत्तर मिळालंय. उरलेलं उद्या, पहिल्या तासाला.