डच चर्चचित्रांतील प्रकाश व अवकाश : कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या आधारे एक विचार

सतराव्या शतकातील डच चित्रकारांनी चर्चच्या अंतर्भागाची जी चित्रे रंगविली, त्यांतील प्रकाश हा पावित्र्याचे प्रतीक होय, असे सहजपणे म्हटले जाते. हे विधान सर्वस्वी चुकीचे नाही. परंतु त्यामुळे तो प्रकाश चित्रात कोणते कार्य करतो, हा प्रश्न मागे पडतो. त्याचा उलगडा करण्यास आपल्या मावळातील कार्ल्याचे चैत्यगृह साहाय्यभूत ठरते.

ही तुलना ओढूनताणून केलेली नव्हे. जेम्स फर्ग्युसन याने १८७६ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात कार्ल्याच्या रचनेचे व परिमाणांचे साम्य नॉर्विच कॅथीड्रलच्या ‘कॉयर’ या भागाशी दाखविले होते. लांबट मध्यदालन, स्तंभरांगांपलीकडील पार्श्ववीथी आणि अर्धवर्तुळाकार शेवट, ही योजना दोहोंत आढळते. मात्र सुमारे १२४ फूट लांबीच्या कार्ल्याच्या दालनात प्रकाश येतो तो मुख्यत्वे दर्शनी भागावरील एकाच विशाल गवाक्षातून. तो स्तूपाला उजळतो. दोन्ही बाजूंच्या पंधरा-पंधरा स्तंभांमागील वीथी काळोखातच राहतात. भिंत दिसत नसल्यामुळे दालन कोठे संपते हे डोळ्यांना उमगत नाही, आणि ते आहे त्याहून विस्तीर्ण भासते.

हार्लेमच्या सेंट बाव्हो चर्चमध्ये याच्या नेमके उलट घडते. १५७८ मध्ये ते प्रॉटेस्टंटांच्या हाती गेले. मूर्ती गेल्या व चुन्याच्या पांढऱ्या भिंती उरल्या. अनेक खिडक्यांतून येणारा प्रकाश या भिंतींवरून परावर्तित होऊन कानाकोपऱ्यांत पोहोचतो. पीटर सानरेडाम (१५९७–१६६५) अशा वास्तूंची जागेवर रेखाटने करी, मोजमापे घेई, त्यांवरून यथार्थदर्शनाचा आराखडा सिद्ध करी आणि चित्र कित्येकदा पुष्कळ वर्षांनी रंगवी. एकामागून एक असलेल्या स्तंभांतील अंतर तो पांढऱ्याच्याच सूक्ष्म छटाभेदांनी सुचवितो. त्याच्यापाशी प्रकाश हे जणू मोजपट्टीचे काम करतो. इमान्युएल द विटे (सु. १६१७–१६९२) याची रीत निराळी. निरनिराळ्या चर्चचे भाग एकत्र आणून तो काल्पनिक वास्तूही रचतो. गडद छायेत पडलेले उन्हाचे पट्टे हाच त्याच्या चित्राचा कणा. या दृष्टीने तो कार्ल्याला अधिक जवळचा आहे.

कार्ल्याच्या स्तूपावर बुद्धमूर्ती नाही. सानरेडामच्या चर्चमध्येही पूजामूर्ती उरलेली नाही. परंतु मूर्तीच्या अभावी प्रकाशाने केलेले कार्य दोहोंत भिन्न आहे : कार्ल्यात तो दृष्टीला एका केंद्राकडे नेतो, तर हार्लेमच्या चित्रात तिला सर्वत्र फिरू देतो. म्हणून प्रकाश कशाचे प्रतीक आहे हे विचारण्यापूर्वी तो कोठून येतो, कशावर पडतो आणि कोठे थांबतो, हे अभ्यासकाने पाहावे.