वल्हांडण की अनाशी ढाकाचा सण? मराठी बायबलविषयीचे काही गैरसमज

बायबल मराठीत आले ते इंग्रज सरकारमुळे, आणि केले गेले ते इंग्रजी बायबलवरून, असे सर्रास सांगितले जाते. रायगड जिल्ह्यात याला आणखी एक समजूत जोडली जाते: बायबल हे ख्रिस्ती लोकांचे पुस्तक, तेव्हा पेण-रोह्याकडे त्याचा काय संबंध? यांतली शेवटची समजूत सर्वांत जास्त चुकीची आहे. पण तिच्याकडे वळण्यापूर्वी आधीच्या काळाचा गुंता सोडवावा लागतो.

‘ख्रिस्तपुराण म्हणजे पहिले मराठी बायबल’

फादर थॉमस स्टीफन्स हा जेझुइट पाद्री 1579 साली गोव्यात आला. त्याचे ख्रिस्तपुराण 1616 मध्ये छापले गेले. ग्रंथ मराठी ओवीत, सुमारे अकरा हजार ओव्यांचा. अधूनमधून कोकणी शब्द पेरलेला. आणि छापला रोमन लिपीत, कारण देवनागरीचे खिळे तेव्हा तिथे नव्हते. हे भाषांतर नाही. आदामापासून येशूपर्यंतची कथा पुराणाच्या घाटात नव्याने सांगणारे ते स्वतंत्र काव्य आहे. ज्ञानेश्वरीला कोणी गीतेचे शब्दशः भाषांतर म्हणत नाही, तसेच हेही.

गंमत अशी की हा कवी जन्माने इंग्रज होता. इंग्लंड प्रोटेस्टंट झाल्यावर कॅथलिक राहण्यासाठी ज्यांनी देश सोडला, त्यांच्या पिढीतला. तो गोव्यातल्या साष्टीत मराठी शिकत होता तेव्हा त्याच्यासारखेच परागंदा झालेले इंग्रज कॅथलिक फ्रान्समधल्या ऱ्हेम्स गावी नव्या कराराचे इंग्रजी भाषांतर करत होते. ते 1582 मध्ये निघाले, आणि तेही ग्रीकवरून नव्हे, लॅटिनवरून. इंग्लंडचे प्रसिद्ध ‘किंग जेम्स’ बायबल 1611 चे, म्हणजे ख्रिस्तपुराणाच्या अवघी पाच वर्षे आधीचे. ज्या इंग्रजी बायबलवरून मराठी बायबल झाले असे मानतात, ते आणि मराठीतले पहिले मोठे ख्रिस्ती काव्य जवळपास समवयस्क आहेत.

‘एका माणसाने एकहाती केलेले काम’

बायबलच्या भाषांतराला एकच नाव चिकटवण्याची खोड इंग्लंडमध्येही आहे. चौदाव्या शतकाच्या अखेरीचे पहिले संपूर्ण इंग्रजी बायबल जॉन विक्लिफच्या नावावर जमा आहे. प्रत्यक्षात ते त्याच्या अनुयायांच्या मंडळीचे काम; त्यात स्वतः विक्लिफने किती ओळी लिहिल्या यावर अभ्यासक अजून वाद घालतात. त्याआधी इंग्रजीत काहीच नव्हते, हेही खरे नाही. लिंडिसफार्न मठातल्या लॅटिन शुभवर्तमानांच्या ओळींमध्ये दहाव्या शतकातच एका पाद्र्याने जुन्या इंग्रजीत शब्दार्थ लिहून ठेवले होते. पोथीत ओळींच्या मध्ये बारीक टीप लिहिण्याची आपल्याकडची पद्धत ज्यांनी पाहिली आहे, त्यांना ते पान ओळखीचे वाटेल.

किंग जेम्स बायबल राजाने केले नाही, हे सांगायला नको. त्यावर सत्तेचाळीसएक विद्वान बसले होते. पण त्यांनीही कोऱ्या पाटीवर लिहिले नाही. विल्यम टिंडेल याने 1526 मध्ये ग्रीकवरून केलेला नवा करार जर्मनीतल्या वर्म्स गावी छापून इंग्लंडमध्ये चोरून आणला गेला होता. त्याची वाक्येच्या वाक्ये 1611 च्या बायबलमध्ये उतरली. टिंडेलला मात्र 1536 मध्ये ब्रसेल्सजवळ आधी गळा आवळून आणि मग जाळून मारण्यात आले.

मराठीत हा मान विल्यम कॅरीला दिला जातो. कॅरी हा इंग्रज मिशनरी; विणकराच्या घरात जन्मला, स्वतः जोडे शिवणारा, आणि भाषा शिकण्याची विलक्षण हातोटी असलेला माणूस. त्याने 1805 मध्ये मराठीचे व्याकरण काढले. त्याच वर्षी मत्तयाचे शुभवर्तमान निघाले, 1810 मध्ये मोडी लिपीत कोश आणि 1811 मध्ये नवा करार. पण कॅरी कधी मराठी मुलखात राहिला नाही. त्याचे मराठी कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजातले पंडित वैजनाथ यांच्या तोंडून आलेले. मुखपृष्ठावर कॅरीचे नाव आले. वाक्यांना मराठी वळण लागले ते वैजनाथांच्या हाताने.

इथे आणखी एक खुलासा. हे काम ‘श्रीरामपूर’ला झाले असे जुन्या पुस्तकांत वाचून अनेकांना नगर जिल्ह्यातले श्रीरामपूर आठवते. ते हे नव्हे. हे बंगालमधले, हुगळीकाठचे सेरामपूर.

‘इंग्रज सरकारने आणले’

सेरामपूरच का? कारण ते इंग्रजांचे नव्हते, डेन्मार्कचे होते, आणि 1845 पर्यंत डॅनिशच राहिले. ईस्ट इंडिया कंपनीला आपल्या मुलखात मिशनरी नको होते. धर्मावरून लोक बिथरले तर व्यापार बुडेल, हा त्यांचा सरळ हिशेब. 1813 च्या सनदेने दार किलकिले झाले ते ब्रिटिश संसदेच्या दबावामुळे. त्याच वर्षी फेब्रुवारीत गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट हे दोन अमेरिकन मिशनरी मुंबई बंदरात उतरले, तेव्हा त्यांना परत पाठवण्याचा हुकूम निघालेला होता. महिनोन्‌महिने अर्ज-विनंत्या करून त्यांनी राहण्याची परवानगी मिळवली.

या अमेरिकनांना सेरामपूरची मराठी पसंत पडली नाही. मुंबई-कोकणच्या माणसाला ती उमजत नाही, असे त्यांचे म्हणणे. म्हणून त्यांनी नव्याने भाषांतर हाती घेतले, स्वतःचा छापखाना घातला आणि 1826 मध्ये मुंबईत नवा करार प्रसिद्ध केला. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये नाशिकहून परतताना सिन्नरजवळच्या दोडी धापूर गावी हॉल पटकीने गेला. मराठी बायबलच्या आरंभीच्या इतिहासात असा एक इंग्रज बंगालमधल्या डॅनिश वसाहतीत बसलेला, काही अमेरिकन मुंबईत, आणि त्यांच्याजवळ लिहायला बसलेले मराठी पंडित. सरकार कुठेच नाही, असलेच तर अडथळा म्हणून.

इंग्रजीवरून केले का? या भाषांतरकारांपुढे ग्रीक आणि हिब्रू संहिता होत्या. मूळ भाषा शिकल्याशिवाय भाषांतर करू नये, हा प्रोटेस्टंट परंपरेचा आग्रहच होता. तरी लहानपणापासून कानावर पडलेले इंग्रजी बायबल त्यांच्या डोक्यातून निघून गेले असेल, असेही मानण्याचे कारण नाही.

‘पेण-रोह्याला बायबल वाचणारे कोण होते?’

होते, आणि ते ख्रिस्ती नव्हते.

कुलाबा जिल्हा, म्हणजे आजचा रायगड, हे बेने इस्राएल या मराठी भाषक ज्यू समाजाचे घर. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटले आणि सात जोडपी वाचली, ही त्यांची मूळकथा. त्यानंतर गावोगाव पांगून त्यांनी तेलघाणे चालवले आणि शनिवारी घाणा बंद ठेवला, म्हणून लोक त्यांना ‘शनवार तेली’ म्हणू लागले. गावांवरून त्यांची आडनावे पडली: पेणकर, रोहेकर, अष्टमकर, किहीमकर, दिवेकर. पेणला आणि रोह्यासमोर कुंडलिकेच्या पलीकडे अष्टमीला त्यांची सिनेगॉग आहेत.

या समाजाविषयी दोन परस्परविरोधी गैरसमज आहेत. एक असा की शतकानुशतके ते कोकणात हिब्रू तोरा वाचत आले. तसे नव्हते. शब्बाथ, सुंता, खाण्यापिण्याचे काही नियम, काही सण आणि ‘शेमा’ ही प्रार्थना एवढे त्यांच्याकडे टिकले होते, ग्रंथ नव्हता. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत कोचीनच्या ज्यूंशी संबंध वाढला, 1796 मध्ये मुंबईत पहिले सिनेगॉग उभे राहिले, आणि हिब्रू हळूहळू परत आली. दुसरा गैरसमज असा की मिशनऱ्यांच्या शाळेत गेले आणि बायबल वाचले, म्हणजे ते ख्रिस्ती झाले. मिशनऱ्यांना ती आशा नक्कीच होती. अमेरिकन मिशनच्या शाळांत बेने इस्राएल मुले शिकत. 1829 मध्ये आलेल्या जॉन विल्सन या मिशनऱ्याने 1832 मध्ये हिब्रूचे प्राथमिक व्याकरण चक्क मराठीत छापले, ते याच समाजासाठी. पण धर्म बदलणारे बेने इस्राएल अगदी मोजके निघाले. त्यांनी शाळा घेतली, लिपी घेतली, व्याकरण घेतले आणि पुस्तकाचा पहिला भाग घेतला. दुसरा ठेवून दिला.

हा पहिला भाग म्हणजे ख्रिस्ती भाषेतला ‘जुना करार’. ज्यूंना तो जुना नाही, एकमेव आहे. आणि त्याची मांडणीही वेगळी. तोच मजकूर प्रोटेस्टंट 39 पुस्तकांत मोजतात, ज्यू 24 पुस्तकांत. कॅथलिकांच्या जुन्या करारात पुस्तके 46. ‘बायबल एकच आहे’ हे वाक्य म्हणूनच जरा जपून वापरावे. इतके मात्र निश्चित की मिशनऱ्यांनी ज्या भाषांतराकडे धर्मप्रसाराचे साधन म्हणून पाहिले, त्याने एका छोट्या कोकणी समाजाला स्वतःचाच धर्मग्रंथ स्वतःच्याच भाषेत हाती दिला. मराठी बायबलच्या इतिहासातला हा सर्वांत अनपेक्षित परिणाम आहे, आणि त्याबद्दल सर्वांत कमी लिहिले जाते.

परिणाम नेमका कुठे दिसतो, ते एका सणाच्या नावावरून पाहता येते. इजिप्तमध्ये मृत्यूचा दूत इस्राएली घरे ओलांडून पुढे गेला, त्याच्या स्मरणाचा हिब्रू सण म्हणजे पेसाह. टिंडेलने त्यासाठी इंग्रजीत ‘पासओव्हर’ हा शब्द घडवला: ‘ओलांडून जाणे’. मराठी भाषांतरकारांनी हीच युक्ती केली आणि ‘वल्हांडण’ हा शब्द योजला, ओलांडण्याच्याच अर्थाचा. शब्द चपखल आहे. पण कुलाब्यातल्या बेने इस्राएलांकडे या सणाला आधीपासून मराठी नाव होते: ‘अनाशी ढाकाचा सण’. अनास म्हणजे कालवणासाठी आंबट रस साठवायचे भांडे. सणाच्या दिवसांत आंबवलेले काही चालत नाही, म्हणून ते झाकून ठेवायचे. तेव्हा सणाचे नाव ठरले ते स्वयंपाकघरातून; कथा त्या नावात कुठेच नाही.

बाकीच्या नावांची तऱ्हा तीच. योम किप्पुर हा ‘दारफळणीचा सण’, घराचे दार लावून उपास करण्याचा दिवस. नव्या वर्षाचा तो ‘नव्याचा सण’. जेरुसलेमचे मंदिर पडल्याच्या शोकाचा उपास ‘बिरड्याचा रोजा’, कारण त्याच्याशी वालाच्या बिरड्याचे जेवण बांधलेले. भिजवून, मोड आणून, एकेक दाणा सोललेले वाल पेण-रोह्याच्या कोणत्याही घरात ओळखीचे. ‘रोजा’ हा शब्द शेजारच्या मुसलमान वस्तीचा. आणि शोक जेरुसलेमचा. या तीन गोष्टी एका नावात बसवायला कोणाही भाषांतरकाराची गरज पडली नव्हती. अडचण एवढीच की नावे उरली होती, त्यांमागची गोष्ट पुसट झाली होती. छापील मराठी जुन्या कराराने ती गोष्ट परत आणली. निर्गमाचे पुस्तक उघडले की अनास का झाकायची, ते कळे.

पुढचे पाऊल समाजाने स्वतः उचलले. पेसाहच्या रात्री वाचायची ‘हगदा’ मराठी भाषांतरासह 1846 मध्ये मुंबईत शिळाप्रेसवर छापली गेली. 1874 मध्ये पुण्यात निघालेली मराठी हगदा अधिक प्रसिद्ध आहे, तिच्या चित्रांमुळे: बेखमीर भाकरी करणाऱ्या बायका त्यांत लुगडी नेसून बसल्या आहेत. तिच्यामागे मोझेस जेकब तळकर आणि एरन डॅनियल तळकर होते. हे आडनाव रोह्याच्या शेजारच्या तळा या गावाची आठवण करून देणारे. त्याच सुमारास जोसेफ इझिकेल राजपूरकर हिब्रू प्रार्थनापुस्तके एकामागून एक मराठीत आणत होते. ज्यू प्रार्थना मराठीत आल्या त्या मिशनऱ्यांच्या हातून, असे समजण्याची चूक म्हणून टाळावी.

‘पहिली स्त्री भाषांतरकार’

पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये संपूर्ण बायबलचे मराठी भाषांतर केले. संपूर्ण बायबल भाषांतरित करणारी जगातली पहिली स्त्री म्हणून त्यांचा उल्लेख होतो. तो मान अमेरिकेतल्या जूलिया स्मिथचा; तिचे इंग्रजी बायबल 1876 मध्ये हार्टफर्डला स्वखर्चाने छापलेले आहे. रमाबाईंचे मोठेपण त्यासाठी कमी करण्याचे कारण नाही. संस्कृतात वाढलेल्या या बाईने उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकून घेतली. आधीच्या भाषांतरांतले पंडिती शब्द तिला खटकत. खेड्यातल्या कमी शिकलेल्या बाईला वाचता येईल अशी मराठी तिला हवी होती. खिळे जुळवणे, छापणे, बांधणी, सगळे मुक्ती मिशनमधल्या बायका-मुलींनी केले. रमाबाई 5 एप्रिल 1922 रोजी वारल्या. पुस्तक पुरे होऊन बाहेर पडले ते 1924 मध्ये.