परसदारची भाजी

गेल्या श्रावणातील गोष्ट. धाकट्या भावाची नऊ वर्षांची कन्या आमच्या मागल्या अंगणात माझ्याजवळ उभी होती. मांडवावरून लोंबणाऱ्या फळांकडे बोट दाखवून मी म्हणालो, "बघ, घोसाळी किती लागली आहेत!" तिने माझ्याकडे जरा दयेनेच पाहिले आणि माझी चूक सुधारली, "काका, ही तर गिलकी आहे!"

चूक तिची नव्हतीच. इंदूरच्या भाजीबाजारात घोसाळ्याला गिलकी म्हणतात, दुधीला लौकी, माठाला चौलाई आणि चाकवताला बथुआ. बाजारात गेलेल्याने बाजाराची भाषा बोलावी, त्यात वावगे काही नाही. मी स्वतः सारा जन्म हिंदी माध्यमाच्या शासकीय शाळेत शिकवीत आलो आहे. परंतु एखादी वस्तू केवळ बाजारातूनच घरात येऊ लागली, की तिचे घरातील नाव हळूहळू पुसले जाते, आणि जी वस्तू बाजारात येतच नाही ती नावासकट जाते. अंबाडी, आंबट चुका, पडवळ, वडीचे अळू ही नावे आपल्यापैकी किती घरांतील मुलांना ठाऊक असतील, याचा वाचकांनी स्वतःशीच विचार करावा.

ही नावे ज्या जागी सांभाळली गेली, ती जागा म्हणजे आपले परस. ओसरी, माजघर, स्वयंपाकघर अशी वाड्याची चाल संपली की मागचे दार, आणि दाराबाहेर विहीर, मोरी, तुळशीवृंदावन. मोरीच्या पाण्यावर अळू आणि केळ, तांदळाचे धुवण कढीलिंबाला, गडग्यावर चढविलेला दोडका आणि कोपऱ्यात शेवगा. त्या मांडणीत पाण्याचा थेंब वाया जात नसे आणि "आज भाजीला काय करू?" या नित्याच्या प्रश्नाचे उत्तर चार पावलांवर मिळत असे.

एका ऋषिपंचमीची गोष्ट

परसाचा खरा मान भाद्रपदात, ऋषिपंचमीला. त्या दिवशी बैलाच्या श्रमाचे काही खावयाचे नाही असा नेम. नांगरलेल्या शेतातील धान्य वर्ज्य. माणसाच्या हाताने उकरलेल्या मातीत जे आले तेच पानात. म्हणून अळू, माठ, लाल भोपळा, दोडका, पडवळ, भेंडी, सुरण, मक्याची कणसे आणि हिरवी मिरची अशी सारी एकत्र शिजवून ती भाजी करावयाची. वर्षभर आपल्यासाठी राबणाऱ्या मुक्या प्राण्याचे एक दिवस स्मरण ठेवणारा हा नेम परसावाचून पाळता येत नाही, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

माझी आई लग्न होऊन कोकणातून इंदुरात आली, तेव्हा तिच्या सामानात अळवाचे चार कंद होते. काळ्या देठाचे, वडीचे अळू. मोरीच्या कडेला तिने ते लावले आणि पन्नास वर्षांच्या आसपास ते तिथे नांदले. २००६ साली आम्हा भावांनी मिळून परसात फरशी घातली. कारणे सबळ होती. मालव्याची काळी माती पावसाळ्यात पायाला चिकटून घरभर येई, शिवाय दोन स्कूटर आणि एक मोटार ठेवण्यास जागा हवी होती. आईला विचारले नाही, असे नाही. ती म्हणाली, "तुमची सोय बघा." या वाक्याचा अर्थ कळण्याइतके मराठी माझ्यापाशी असावयास हवे होते; पदव्युत्तर पदवी तर त्याच विषयाची आहे.

त्या भाद्रपदात ऋषिपंचमीच्या आदल्या संध्याकाळी मी बाजारात हिंडलो. 'अरबी के पत्ते' म्हणून मिळाले ते विरळ, फाटके आणि दुसऱ्या दिवशी घशाला खाजणारे. आईने भाजी केली, सर्वांना वाढली आणि स्वतः घेतली नाही. कुणाला दोष दिला नाही. "यंदा अळू नव्हतं," एवढेच म्हणाली. फरशी तशीच राहिली. २०१७ साली आई गेली.

पुढल्या वर्षी ऋषिपंचमीच्या सकाळी आमच्याच गल्लीतील एक वहिनी दारात आल्या. हातात काळ्या देठांची, सुपाएवढी पाने. म्हणाल्या, "तुमच्याचकडचं आहे हो. काकूंनी मला कंद दिला होता, माझं लग्न झालं त्या वर्षी. माझ्या बहिणीकडे देवासलाही तेच आहे." आम्ही ज्याच्यावर फरशी घातली, ते आईने केव्हाच वाटून टाकले होते, म्हणून ते राहिले. त्याच आठवड्यात गवंडी बोलावून मी मागल्या भिंतीलगतची आठ फूट लांब आणि चार फूट रुंद फरशी उखडून घेतली. मोटार आता गल्लीत उभी असते.

खताची इंदुरी रीत

फरशीखालची माती दगडासारखी झाली होती. काळी माती ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते. तिला नरम व भुसभुशीत करावयास कुजलेल्या खतासारखे दुसरे औषध नाही. आणि खत हा विषय निघाला की इंदूरकराने मान ताठ करावी, असा इतिहास आहे. सर आल्बर्ट हॉवर्ड हे शेतकीतज्ज्ञ १९२४ साली येथे आले. होळकर दरबाराने दिलेल्या तीनशे एकर जमिनीवर उभ्या राहिलेल्या वनस्पतिसंशोधन संस्थेचे ते प्रमुख होते. संस्था मुख्यतः कापसाच्या संशोधनासाठी होती. परंतु हॉवर्डसाहेबांचे नाव जगभर झाले ते येथे सिद्ध झालेल्या खताच्या पद्धतीमुळे. काडीकचरा, शेण, गोठ्यातील मूत्राने भिजलेली माती आणि लाकडाची राख यांचे थर रचावयाचे, ओल राखावयाची, ठराविक अंतराने ढीग खालीवर करावयाचा. सुमारे तीन महिन्यांत काळे, भुसभुशीत, मातीचा वास असलेले खत तयार. तिचे नावच 'इंदूर पद्धत' असे पडले. १९३१ साली या पद्धतीवर जो ग्रंथ प्रसिद्ध झाला, त्यावर हॉवर्डसाहेबांच्या जोडीला त्यांचे सहकारी यशवंत वाड यांचेही नाव लेखक म्हणून आहे, ही गोष्ट आपल्यापैकी पुष्कळांना अपरिचित असेल. चीनमधील शेतकऱ्यांची जुनी रीत आणि आपल्याकडील गावकऱ्यांचा अनुभव यांपासून हॉवर्ड शिकले होते आणि तसे ते मोकळेपणे सांगत.

घरच्या घरी ही रीत अंमलात आणण्यास गोठा लागत नाही. तळाला व बाजूंना भोके पाडलेले एक पिंप किंवा विटांचा तीन फुटी हौद पुरे. तळाशी काटक्या, त्यावर वाळलेला पाला, त्यावर भाजीची साले-देठे, वर मूठभर माती किंवा जुने खत, आणि पुन्हा पाला. ओल्या कचऱ्याच्या दुप्पट-तिप्पट कोरडा पाला असावा. पिळलेल्या फडक्याइतकी ओल हवी, त्याहून अधिक नको. ढीग आतून तापतो. तो ताप चांगला, त्यात तणाचे बी आणि माश्यांच्या अळ्या मरतात. दुर्गंधी आली तर हवा खेळत नाही असे समजावे. ढीग उलथावा आणि कोरडा पाला वाढवावा. शिजलेले तेलकट अन्न मात्र यात टाकू नये. स्वच्छतेच्या राष्ट्रीय सर्वेक्षणात आपले शहर २०१७ पासून सलग काही वर्षे पहिले आले. ओला कचरा वेगळा काढण्याची सवय घरोघरी लागली आहे. त्यातील थोडा आपल्याच परसात जिरविला, तर ती सवय दुप्पट फळेल.

काय लावावे, केव्हा लावावे

प्रथम एक खरी गोष्ट सांगतो. आठ फुटांच्या वाफ्यात चार माणसांची रोजची भाजी निघत नाही. जो तसे सांगेल त्याने वाफा केलेला नाही. मात्र पालेभाजी, कोथिंबीर, मिरची, कढीलिंब यांचा मोठा भाग घरचा होऊ शकतो. बाजारात न मिळणाऱ्या भाज्या तर घरीच कराव्या लागतात.

वेलभाज्यांची आळी अक्षय्य तृतीयेच्या सुमारास करून ठेवावी आणि पहिल्या पावसावर दोडका, घोसाळे, पडवळ, दुधी टोकावे. अळवाचा कंदही तेव्हाच. काळ्या जमिनीत पावसाचे पाणी साचून मुळे कुजतात, म्हणून वाफे वीतभर उंच ठेवावे. नवरात्र ते दिवाळी या काळात मेथी, पालक, मुळा, चाकवत, कोथिंबीर. धणे रगडून दोन दळे करून पेरावे. उगवण्यास आठ-दहा दिवस लागतात, तोवर धीर धरावा. मेथी तीन-चार दिवसांत वर येते आणि महिन्याच्या आत ताटात. शिमग्याच्या आधी भेंडी, गवार आणि माठ. पालेभाजीला चार तास ऊन चालते, फळभाजीला सहा तास तरी हवे. गच्चीवरील डब्यांनाही हाच हिशेब लागू.

"फुले आली, पण फळ धरत नाही," अशी तक्रार पुष्कळ जण करतात. वेलावर आधी नरफुले येतात, मादीफुले मागाहून. मादीफुलाच्या मागे इवलेसे फळ असते, यावरून ती ओळखावीत. मधमाश्या कमी असल्या तर नरफूल खुडून मादीफुलाला हलकेच लावावे. भोपळा आणि घोसाळे यांच्यासाठी सकाळ, दुधी आणि दोडका यांच्यासाठी सायंकाळ. कारण त्यांची फुले त्या त्या वेळी उमलतात. माझ्या शाळेतील मुलांना हा धडा फळ्यावरून कधी कळला नाही. वेलापाशी उभे केले तेव्हा एका दिवसात कळला.

मोरीच्या पाण्याविषयी एक इशारा. पूर्वी त्या पाण्यात शिकेकाई आणि थोडा साबण असे. आजच्या कपड्यांच्या पावडरीचे पाणी भाजीला घालू नये. भाजी-तांदूळ धुतलेले पाणी मात्र अवश्य घालावे.

वापर आणि वाटप

घरची भाजी टाकवत नाही, हा तिचा मोठा गुण. दोडक्याच्या शिरा तीळ घालून परतल्या की चटणी होते, मुळ्याचा पाला डाळीत जातो, भोपळ्याच्या फुलांची भजी होतात. अळवात सुईसारखे सूक्ष्म स्फटिक असतात, त्यांनी घसा खाजतो. म्हणून ते भरपूर शिजवावे आणि चिंच, आमसूल किंवा चुका यांची जोड द्यावी. अळवाच्या फदफद्यात चुका घालणाऱ्या आपल्या आज्यांनी रसायनशास्त्र वाचले नव्हते. त्यांनी जिभेवर विश्वास ठेवला होता.

बियाणेही राखावे. वेलावरचे सर्वांत चांगले फळ खाऊ नये. ते वेलावरच वाळू द्यावे आणि बी राखेत घालून ठेवावे. विकतच्या संकरित बियाण्यापासून धरलेले बी मुळासारखे उतरत नाही, म्हणून गावठी वाण मिळवून लावावे. आणि मिळालेले बी एकट्याच्या डब्यात ठेवू नये. एका पावसात, एका फरशीत, एका घराचे सारे नाहीसे होऊ शकते. चार घरांत असलेले होत नाही. आपण महाराष्ट्राबाहेरची माणसे हे अनुभवाने जाणतो. आपले सण, आपली पंगत, आपली बोली कुण्या एका घराने टिकविली नाही. ती या घरातून त्या घरात जात राहिली, म्हणून टिकली.

येत्या ज्येष्ठात आमच्या अळवाचे कंद मी खणणार आहे. दोन कंद वाफ्यात परत जातील, बाकीचे द्यावयाचे आहेत. पहिला कंद मी गिलकी म्हणणाऱ्या पुतणीच्या हाती देणार आहे. तिच्या घरी अंगण नाही, सज्जा आहे. एका बादलीत तो सुखाने वाढेल. त्याला काय म्हणतात हे तिने विचारले, तर आधी तिच्या आजीचे नाव सांगेन आणि मग भाजीचे.