घ, ध आणि रव्याचे ताट

चाकणच्या कारखान्यातली पहिली पाळी संपवून वडील चिंचवडला घरी पोहोचतात, तेव्हा चौथीतला मुलगा पुस्तक उघडून बसलेला असतो. 'घर' हा शब्द तो 'धर' असा वाचतो, पुढच्या ओळीत तोच शब्द अचूक वाचतो आणि तिसऱ्या ओळीत पुन्हा अडखळतो. "आत्ताच तर वाचलास ना?" हा प्रश्न अशा घरांतून रोज विचारला जातो. याच मुलाला पाठशाळेतली सूत्रे मात्र नुसती ऐकून मुखोद्गत होतात. मग बुद्धी आहे, पण अभ्यासात मन नाही, असा निष्कर्ष निघतो आणि त्याच्यावर आळशीपणाचा शिक्का बसतो.

वस्तुतः ऐकलेले स्मरणात ठेवणे आणि लिहिलेले उलगडणे या दोन निराळ्या क्रिया आहेत. १८९६ मध्ये प्रिंगल मॉर्गन या इंग्रज डॉक्टरांनी चौदा वर्षांच्या अशाच एका मुलाची नोंद प्रसिद्ध केली. सारे शिक्षण तोंडी झाले असते, तर तो शाळेत सर्वांत हुशार ठरला असता, असे त्याच्या शिक्षकांचे मत होते. डिस्लेक्सिया हा बुद्धीचा दोष नव्हे आणि चष्म्याने जाणारा विकारही नव्हे. शब्दातले ध्वनी सुटे करून त्यांची अक्षरांशी जोड घालणे या मुलांना कठीण जाते.

आपल्या लिपीत त्यांच्या अडचणीच्या जागा ठरलेल्या आहेत. घ-ध, भ-म, थ-य या जोड्या दिसायला जवळच्या. 'कि' लिहिताना वेलांटी आधी येते, उच्चार मात्र नंतर. 'र' तर 'चक्र', 'राष्ट्र', 'धर्म' या तीन शब्दांत तीन रूपे घेतो. शिवाय 'धर्म'मधला रफार 'म'च्या डोक्यावर बसतो, पण उच्चारायचा 'म'च्या आधी! मोठ्यांना हे कधी जाणवतही नाही.

"पुन्हा वाच" म्हटल्याने ही गाठ सुटत नाही. १९३०च्या दशकात अमेरिकेत सॅम्युअल ऑर्टन व अ‍ॅना गिलिंगहॅम यांच्या कार्यातून जी पद्धत घडली, तिच्यात डोळा, कान, जीभ आणि हात यांना एकाच वेळी कामाला लावले जाते. आपल्याकडे धूळपाटी होतीच. ताटात रवा पसरावा. मुलाने बोटाने 'घ' काढावा आणि काढतानाच तो मोठ्याने म्हणावा. 'घ' पक्का होईपर्यंत 'ध'ला हात लावू नये. दोन्ही एकदम शिकवण्याचा मोह बहुतेक पालकांना होतो आणि तिथेच घोटाळा होतो. त्यानंतर कानाचा खेळ: 'कपाट'मधला 'क' काढला तर काय उरते? 'पाट'. मग शिकून झालेल्या अक्षरांचेच शब्द वाचायला द्यावेत. शेवटी शब्दांखाली बोट फिरवत पालकांनी आणि मुलाने एक लहान उतारा एकत्र वाचावा, आणि तोच चार दिवस वाचावा. रोज पंधरा-वीस मिनिटे पुरेत, परंतु खंड नको. इतिहास-विज्ञानाचे धडे मात्र त्याला वाचून दाखवावेत, म्हणजे वाचन मागे असले तरी ज्ञान मागे राहत नाही. पाहुण्यांसमोर किंवा पाठशाळेत अचानक मोठ्याने वाचायला मुळीच लावू नये.

घरी मारवाडी किंवा गुजराती, बाहेर मराठी, शाळेत इंग्रजी अशी आपल्या अनेक मुलांची स्थिती आहे. अनेक भाषांमुळे डिस्लेक्सिया होत नाही. तरी इंग्रजीत एकाच अक्षराचे अनेक उच्चार असल्याने तिथे दमछाक अधिक होते. आरंभ देवनागरीतून करावा, असे माझे मत आहे.

२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे. तपासणी साधारणतः आठव्या वर्षापासून होते आणि प्रमाणपत्र मिळाल्यास परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती घेता येतात. "उद्या स्थळ बघताना हा कागद आडवा येईल" या धास्तीने काही कुटुंबे तो काढतच नाहीत. स्थळाचा विचार पंधरा-वीस वर्षांनी करायचा. दहावीचा पेपर त्याआधी येतो.

घरच्या सरावाला मात्र प्रमाणपत्राची वाट पाहण्याचे कारण नाही. वडिलांची दुसरी पाळी असेल त्या आठवड्यात रव्याचे ताट आजीकडे द्यावे. घाई करण्याची तिला सवय नसते.