१२०, ८०, २५, २० आणि आगंतुक ३०

फोनमधली लांबलचक यादी डोळ्यांचं पातं लवण्याआधी क्रमाने लागते, तेव्हा आत कोण राबत असतं? जावा आणि अँड्रॉइडच्या दुनियेत पुष्कळदा ‘टिमसॉर्ट’. टिम पीटर्स यांनी २००२ मध्ये पायथनसाठी रचलेली ही पद्धत भलतीच हुशार! यादीत आधीपासूनच क्रमाने असलेले तुकडे ती हुडकते, त्यांच्या लांब्या ओळीने टिपून ठेवते आणि तुकडे जोडत जाते.

या लांब्यांना एक अट असते: प्रत्येक लांबी तिच्या पुढच्या दोघींच्या बेरजेपेक्षा मोठी हवी. गंमत बघा, एवढ्याने शेवटाकडून मागे जाताना आकडे भराभर फुगतात. म्हणूनच कोट्यवधी नोंदींच्या यादीसाठीही जावाने लांब्यांना फक्त ४० घरं दिली होती!

अशा अटीला म्हणतात ‘क्लास इन्व्हेरिअंट’. ऑब्जेक्टचं कुठलंही काम ती खरी धरून सुरू होतं आणि संपताना ती खरी ठेवून जातं. नवा तुकडा आला की टिमसॉर्ट शेवटच्या काही लांब्या पाहून अट सांभाळायचा. सांभाळली जायची का पण? चाचण्या म्हणजे शितावरून भाताची परीक्षा. आणि इथे शितं अगणित.

२०१५ मध्ये नेदरलँड्स आणि जर्मनीतल्या संशोधकांनी ‘की’ नावाचं साधन हाती घेतलं. ते प्रोग्राममध्ये आकड्यांऐवजी अक्षरं घालतं आणि प्रत्येक फाट्यावर विचारतं: आधी अट खरी असेल, तर या पावलानंतरही ती खरी राहीलच ना? ‘हो’ सिद्ध झालं की जगातल्या सगळ्या याद्यांची खात्री एकदमच!

सिद्धता मात्र अडली. का? कागद घ्या. १२०, ८०, २५, २०: अट शाबूत. मागून ३० आला. २० आणि ३० मिळून ५०, म्हणजे २५ पेक्षा जास्त. मग २५ आणि २० जोडले. उरले १२०, ८०, ४५, ३०. शेवटच्या तिघांत ८० हा ७५ पेक्षा मोठा, म्हणून प्रोग्राम निर्धास्त थांबला. पण ८० आणि ४५ होतात १२५! एक पायरी मागे १२० ची अट मोडली होती, आणि तिथे कुणी पाहिलंच नव्हतं.

मग ६,७१,०८,८६४ नोंदींची मुद्दाम रचलेली यादी दिली. तिला ४१वं घर लागलं आणि प्रोग्राम कोसळला. उपाय सोपा होता: आणखी एक लांबी मागे बघायची. ही दुरुस्त आवृत्ती ‘की’ने सिद्ध करून दाखवली. जावाने मात्र घरंच वाढवून ४९ केली.

सगळ्यात नवल याचं, की संशोधक चूक शोधायला निघालेच नव्हते. टिमसॉर्ट बरोबर आहे, एवढंच त्यांना सिद्ध करायचं होतं!