विमा समजून घेताना (भाग ५) : आरसी कुणाच्या नावावर?

बीड जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला विम्याच्या अटी नव्या नाहीत. पिकाचं नुकसान झालं की ७२ तासांत कळवायचं, ही पीकविम्याची जुनी अट त्याला तोंडपाठ आहे. स्कूटीची पॉलिसी मात्र डिक्कीतून बाहेर येत नाही. त्या पॉलिसीतली मालकीची अट सगळ्यांत कडक, म्हणून आजचा भाग तिच्यासाठी.

जुनी स्कूटी विकताना काय होतं? पैसे मोजले जातात, आरसी, म्हणजे गाडीचं नोंदणी प्रमाणपत्र, हातात पडते, मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या होतात आणि ते फॉर्म कपाटात जातात. विम्याची मुदत शिल्लक आहे, म्हणून घेणारा निर्धास्त असतो.

त्याचा हा भरवसा अर्धाच खरा आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १५७ नुसार गाडी विकली की विम्याचा थर्ड पार्टीचा भाग नव्या मालकाकडे गेला असं मानलं जातं. म्हणजे या स्कूटीची धडक बसलेल्या माणसाची भरपाई केवळ विक्रीमुळे अडत नाही. पण स्कूटीचं स्वतःचं नुकसान? त्यासाठी १४ दिवसांत कंपनीला कळवून पॉलिसी नावावर करून घ्यावी लागते. नाही केली, तर मोडलेल्या गाडीचा खर्च नव्या मालकाच्या खिशातून.

विकणाराही सुटत नाही. आरसीवर ज्याचं नाव तोच कायद्यानं मालक, असं सर्वोच्च न्यायालयानं नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात ६ फेब्रुवारी २०१८ रोजी स्पष्ट केलं. त्या प्रकरणातली गाडी पुढं हातोहात विकली गेली होती. तरी अपघाताच्या भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावरच आली. विमा संपलेली स्कूटी नाव न बदलता विकणाऱ्यानं याचा विचार करावा. विक्रीनंतर १४ दिवसांत आरटीओला कळवणं हे विकणाऱ्याचं काम, ३० दिवसांत नाव लावून घेणं हे घेणाऱ्याचं.

आता गाडीच्या पॉलिसीसोबतच्या १५ लाखांच्या वैयक्तिक अपघात विम्याबद्दल. तो मिळतो फक्त मालक-चालकाला: आरसी त्याच्या नावावर, पॉलिसी त्याच्या नावावर आणि लायसन्स चालू. वडिलांच्या नावावरची स्कूटी घेऊन अंबाजोगाईला कॉलेजला जाणारी मुलगी या संरक्षणात बसत नाही. एवढी मोठी गोष्ट हप्ता घेतानाच तोंडी सांगायला हवी, बारीक अक्षरात सोडू नये, असं मला ठामपणे वाटतं. मुलगीच रोज गाडी चालवणार असेल, तर गाडी आणि पॉलिसी दोन्ही तिच्याच नावावर घ्या, किंवा तिच्यासाठी वेगळा अपघात विमा काढा.

कंपनीनं दावा नाकारला तर कारण लेखी मागा. आधी कंपनीकडेच तक्रार करावी लागते. तिथं दाद लागली नाही तर पुण्याचे विमा लोकपाल आहेत, बीडचा जिल्हा ग्राहक आयोगही आहे.

पुढच्या आठवड्यात : गाडी चोरीला गेल्यावर पोलिसांत आणि कंपनीकडे किती दिवसांत जायचं.