इंजिनातले पाणी जाते कुठे?

मे महिन्यातली दुपार. जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्यावर वाहनांची रांग लागलेली असते आणि एखादी मोटार बॉनेट उघडून कडेला उभी दिसते. चालक म्हणतो, "आठवड्यापूर्वीच तर पाणी भरले होते!" रस्त्यावर थेंब नाही, रबरी नळी फुटलेली नाही. गॅरेजवाला सांगतो, "हेड गॅस्केट उडाले." हे खरे असेल तर इंजिन खोलावे लागते आणि खर्च बराच येतो. निदान चुकीचे असेल तर तो खर्च वाया जातो. इंजिन न खोलता याची खातरजमा कशी करतात, ते आपण पाहू.

इंजिनाचे दोन मुख्य भाग असतात. खाली सिलिंडर असलेला ब्लॉक आणि वर त्यावर झाकणासारखे बसवलेले हेड. दोहोंमधून थंड ठेवणारे पाणी, म्हणजेच कूलंट, आणि वंगणाचे तेल खेळत असते. हेड आणि ब्लॉक यांच्यामधली पातळ चकती म्हणजे हेड गॅस्केट. जळणारा वायू, पाणी आणि तेल या तिघांना एकमेकांपासून वेगळे ठेवणे हे तिचे काम.

हे काम सोपे नाही. पूर्वी कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होत असलेल्या प्रीमियर पद्मिनीचे उदाहरण घेऊ. तिचा ब्लॉक बिडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचे. ॲल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. ४० सेंटिमीटर लांबीचा भाग ३० अंशांवरून ९० अंश सेल्सिअसपर्यंत तापला, तर ॲल्युमिनियम सुमारे ०.५५ मिलिमीटर वाढते आणि बीड सुमारे ०.२६ मिलिमीटर. हा फरक गॅस्केटला प्रत्येक फेरीत सोसावा लागतो. इंजिन प्रमाणाबाहेर तापले तर हेड वाकडे होते आणि गॅस्केटवरची पकड सुटते.

गॅस्केट कुठे फाटले त्यावर लक्षण ठरते. तेल आणि पाणी यांच्यामध्ये फाटले तर तेल दुधाळ होते. डिपस्टिक काढली की ते दिसते. शेजारच्या दोन सिलिंडरांमध्ये फाटले तर दोन्हींचा दाब कमी भरतो, पण पाणी मात्र जागच्या जागी राहते. सिलिंडर आणि पाणी यांच्यामध्ये फाटले तर गंमत होते. इंजिन चालू असताना सिलिंडरातला दाब वातावरणाच्या दाबाच्या चाळीस-पन्नास पट होतो, म्हणून वायू पाण्यात घुसतो आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे येतात. इंजिन बंद केले की सिलिंडरातला दाब उतरतो, पण गरम पाण्याचा दाब टिकून असतो. आता पाणी उलट सिलिंडरात झिरपते. म्हणूनच सकाळी गाडी सुरू होताना अडखळते आणि सायलेन्सरमधून पांढरी वाफ येते. ही वाफ इंजिन तापल्यावरही थांबली नाही तर संशय बळावतो.

संशयाचे उत्तर रसायनशास्त्र देते. पेट्रोलच्या ज्वलनवायूत साधारण १३ टक्के कार्बन डायऑक्साइड असतो. रेडिएटरच्या तोंडावर निळ्या द्रवाची नळी बसवतात आणि पाण्यावरची हवा त्यातून ओढतात. द्रव पिवळा झाला, तर सिलिंडरातला वायू पाण्यात येत आहे हे नक्की. रंग बदलला नाही म्हणून मात्र गॅस्केट शाबूत आहे असे नाही. तेल आणि पाणी यांच्यामधली फट या चाचणीला दिसत नाही.

दुसरी चाचणी दाबाची. थंड इंजिनाच्या रेडिएटरवर हातपंप लावून झाकणावर लिहिलेल्या दाबाइतकी हवा भरतात. काटा खाली आला तर गळती आहे. ती बाहेर दिसली, उदाहरणार्थ पाण्याच्या पंपाच्या सीलजवळ, तर इंजिन खोलण्याचे कारणच उरत नाही. पंपाचे सील गळाले तरी पाणी गरम भागांवर उडून वाळते, त्यामुळे रस्त्यावर थेंब दिसत नाही.

एकाच लक्षणावर विसंबणे किती धोक्याचे, हे पावसाळ्यात कळते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. उपनगरांत असंख्य गाड्या बुडाल्या. पुरात बुडालेल्या गाडीचे तेलही दुधाळ होते, पण तिथे गॅस्केटचा दोष नसतो. रोज जेमतेम दोन किलोमीटर चालणाऱ्या गाडीत तेलाच्या झाकणाखाली दुधाळ थर जमतो, तोही दमट हवेतली वाफ थिजून. सिलिंडरात पाणी असल्याची शंका असेल तर स्टार्टर मारू नये. पाणी दाबले जात नाही, आणि पिस्टनचा दांडा वाकतो.

एक इशारा. गरम इंजिनाचे रेडिएटर कधीही उघडू नये. वातावरणाच्या दुप्पट दाबाखाली पाणी १२० अंशांना उकळते. झाकण उघडताच दाब उतरतो, पाणी एकदम उकळून उसळते आणि हात-तोंड भाजते. कूलंटमधले इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड पण विषारी असते. ते मुलांपासून आणि जनावरांपासून दूर ठेवावे.

निळ्या द्रवाचा प्रयोग वर्गात सहज होतो. बीकरमधल्या पाण्यात ब्रोमोथायमॉल ब्लूचे काही थेंब टाका. रंग निळा नसेल तर चिमूटभर खाण्याचा सोडा घाला. आता नळीने त्यात हळूहळू फुंका, ओढू मात्र नका. उच्छ्वासात केवळ चार टक्के कार्बन डायऑक्साइड असतो. तरीही द्रव हिरवट आणि मग पिवळा होतो. त्यानंतर मुलांना विचारा : रेडिएटरच्या तोंडाशी हाच रंग दिसला, तर तुम्ही इंजिन खोलाल का? आणि दिसला नाही, तर पुढे काय तपासाल?